आधी बारीक होते, मग येते

त्या दिवशी त्या स्वतःसाठी आल्याच नव्हत्या, आईला दाखवायला आल्या होत्या. आईंना तपासून झालं, औषधं लिहून झाली, आणि त्या दोघी उठता उठता मी सहज विचारलं, "आणि तुमचं कसं चाललंय? तुमची फाइल बऱ्याच दिवसांत निघाली नाही."

त्या हसल्या. पर्स पोटाशी आणखी घट्ट धरत म्हणाल्या, "माझं काय डॉक्टर, आधी जरा बारीक होते, मग येते."

दवाखान्यात यायचं तर आधी बरं होऊन यायचं, असा त्या वाक्याचा सरळ अर्थ. हे वाक्य मी पूर्वीही अनेकांच्या तोंडून ऐकलं होतं आणि दर वेळी मान डोलावून पुढच्या पेशंटला बोलावलं होतं. त्या दिवशी मात्र संध्याकाळी मी त्यांची फाइल काढली. शेवटची नोंद चार वर्षं दोन महिन्यांपूर्वीची होती.

पुढे जे घडलं ते त्यांच्या संमतीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि मजकूर त्यांनी वाचून पाहिला आहे. वय बेचाळीस, काम हिशेब तपासणीचं, घरी नवरा, मुलगा आणि आई. त्यांचं वजन मी इथे लिहिणार नाही. आकडा दिला की वाचणारा मनातल्या मनात तोलायला लागतो की या बाईला लोक बोलले ते फार चुकलं का, थोडं तरी खरं होतं की नाही. तो निवाडा करण्यासाठी हे प्रकरण मांडलेलं नाही.

माझ्याच अक्षरातल्या तीन ओळी

फाइलमध्ये शेवटच्या तीन भेटींच्या नोंदी होत्या. एक घसा दुखत होता म्हणून, दुसरी बोटाला झालेल्या जखमेसाठी, तिसरी वार्षिक तपासणीची. तिन्ही नोंदींच्या शेवटी एकच वाक्य, माझ्या अक्षरात: "वजन कमी करण्याचा सल्ला दिला." बोटाच्या जखमेखालीसुद्धा.

व्यायाम किती करता, काय करता, झोप कशी आहे, यातलं काहीही कुठेही लिहिलेलं नव्हतं. म्हणजे मी विचारलंच नव्हतं.

दोन आठवड्यांनी मी फोन केला आणि म्हणाले, "या, वजन करणार नाही, फक्त बोलू." त्या आल्या, पण खुर्चीत अगदी कडेला टेकून बसल्या. आमच्या त्या खुर्च्यांना दोन्ही बाजूंना हात होते. मी त्यांना शेवटच्या भेटीबद्दल विचारलं, तर त्यांना माझं वाक्य शब्दाला शब्द पाठ होतं. मी म्हटलं होतं, "मनावर घेतलं ना, की सगळं जमतं."

धीर द्यायला म्हटलं होतं मी. त्यांनी ऐकलं ते असं, की तुम्ही मनावर घेतलेलं नाही. आणि त्या काळात त्या आठवड्यातून तीन दिवस पोहत होत्या. पंचवीस मीटरच्या तलावात चाळीस फेऱ्या, म्हणजे दर खेपेला एक किलोमीटर. अकरा वर्षं. माझ्या निम्म्या पेशंटना एवढा नियमित व्यायाम झेपत नाही आणि मलाही नाही. मी एकदा विचारलं असतं तर "शाब्बास, हे अजिबात सोडू नका" एवढंच म्हणायचं होतं. मी न विचारता "मनावर घ्या" म्हणून मोकळी झाले.

त्या बाहेर पडल्या त्या चार वर्षांसाठी.

वहीतली कोरी पानं

पोहण्याची त्यांची एक वही होती, ती पुढच्या भेटीत त्यांनी आणली. हिशेबाच्या माणसाची वही. तारीख, फेऱ्या, लागलेली मिनिटं असे तीन रकाने, एका सरळ रेषेत. पाण्याचे थेंब पडून काही आकडे पसरले होते, त्यावरून वही तलावाच्या काठावरच लिहिली जायची हे कळत होतं. पानामागून पान चाळीस, चाळीस, अडतीस, चाळीस. मग जून महिन्यातली एक तारीख, फेऱ्या चाळीस, आणि खाली काही नाही. पुढची पानं कोरी.

घरच्यांचं म्हणणं होतं की गुडघ्यामुळे पोहणं सुटलं. त्या स्वतःही सगळ्यांना तेच सांगायच्या आणि मलाही आधी तेच सांगितलं. पण गुडघा जिन्यात मुरगळला होता त्याची तारीख दुसऱ्या एका कागदावर होती, क्ष-किरण तपासणीच्या. ती तारीख वहीतल्या शेवटच्या नोंदीनंतर सात आठवड्यांची होती. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "गुडघा नंतर दुखावला. पोहणं त्याच्या आधीच सुटलं होतं."

काय झालं होतं? तलावावर नवीन प्रशिक्षक आले होते. त्यांनी काठावरून, चांगल्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "मॅडम, तुमच्यासाठी सकाळी पाण्यातल्या व्यायामाची बॅच असते. ही लेन पोहणाऱ्यांसाठी आहे."

त्या अकरा वर्षं त्या लेनमध्ये पोहत होत्या. उलट उत्तर सुचलं, पण तोंडातून निघालं नाही. फेऱ्या पूर्ण केल्या, वहीत चाळीस लिहिलं आणि घरी आल्या. घरी कुणाला काही बोलल्या नाहीत. मनात ठरवलं की पाच-सहा किलो उतरवू, मग जाऊ.

इथे मला थोडं थांबायचं आहे. टोमणा खाल्लेला माणूस "मी आता पोहणार नाही" असं क्वचितच म्हणतो. तो म्हणतो, "आधी बारीक होते, मग जाते." सवय सोडल्याची कबुली त्यात नसते, उलट काहीतरी निश्चय केल्यासारखं वाटतं. पण ज्या गोष्टीने तब्येत राखली जात होती, तीच आता बक्षीस होऊन बसते, आणि बक्षीस मिळेपर्यंत हातात काहीच नसतं. त्यांच्या बाबतीत ही "आधी-मग"ची अट एकेका सवयीच्या दाराशी जाऊन उभी राहिली होती. आधी बारीक होते मग पोहते. आधी बारीक होते मग गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करून घेते. आधी बारीक होते मग डॉक्टरांकडे जाते. नवे कपडेसुद्धा त्यांनी चार वर्षं घेतले नव्हते, त्यालाही तीच अट.

आम्ही मग त्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर दुसराच हिशेब मांडला. डावीकडे सुटलेली सवय, मध्ये कधी सुटली, उजवीकडे त्याच्या आधीच्या दिवसांत कोण काय बोललं. उजवा रकाना भरायला मी सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढं कुठे आठवणार?" आणि मग एकही रकाना रिकामा राहिला नाही.

दुपारचं जेवण: कार्यालयात सगळ्यांबरोबर बसणं बंद, कारण एका सहकाऱ्याने ताटाकडे बघत "डाएट उद्यापासून का?" असं विचारलं आणि टेबल हसलं. व्यायामशाळा: दोन दिवस. पहिल्याच दिवशी तिथल्या प्रशिक्षकाने भिंतीशी उभं करून फोटो काढला, नंतरच्या फोटोशेजारी लावायला. विचारलं नाही. आपण कुणाच्या तरी "आधी"च्या चौकटीत लटकणार, हे त्यांना सहन झालं नाही. रक्तदाबाच्या गोळ्या: दुसऱ्या एका दवाखान्यात सुरू झाल्या, तीन आठवड्यांत त्यांनी आपणहून बंद केल्या. त्याची हकिकत पुढे येते.

आणि नियमित तपासणी. उजव्या रकान्यात माझं वाक्य.

रात्रीचं खाणं

हे बोलायला त्यांना तिसरी भेट लागली. चारचौघांत त्या अगदी मोजकं खात. दुपारी जवळपास उपाशीच. रात्री सगळे झोपले की स्वयंपाकघरात जाऊन, दिवा न लावता, फ्रिजच्या उजेडात उभ्याने खायच्या. भूक भागल्यावरही हात थांबायचा नाही. आठवड्यातून दोन-तीनदा. चव लागायची नाही, म्हणाल्या. सकाळी उठल्यावर आधी लाज, मग निश्चय की आज दिवसभर काही खायचं नाही, आणि रात्री पुन्हा तेच.

ताबा सुटून खाण्याचा हा आजार आहे आणि त्याला नाव आहे. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत २०१३ मध्ये त्याला स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली. सरासरी आठवड्यातून एकदा, सलग तीन महिने, ही किमान मर्यादा. त्यांचं तीन वर्षं चाललं होतं. इतक्या लोकांनी त्यांच्या ताटाकडे पाहिलं, पण हा आजार कुणाच्याच नजरेला आला नाही, कारण सगळ्यांनी आधीच ठरवलं होतं की बाईंना खाण्यावर ताबा नाही, आणि तो स्वभावाचा दोष आहे. स्वभाव म्हणून सोडून दिलेल्या गोष्टीवर उपचार होत नाहीत.

टोमण्याने खाणं कमी होतं ही समजूत फार घट्ट आहे, आणि ती तपासली गेलेली आहे. २०११ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी स्त्रियांना दोन प्रकारच्या चित्रफिती दाखवल्या: एकीत जाड माणसांची टिंगल, दुसरीत साधाच विषय. नंतर समोर खायचं ठेवलं. टिंगल पाहिलेल्या जाड स्त्रियांच्या पोटात, साधी चित्रफीत पाहिलेल्या जाड स्त्रियांपेक्षा तिपटीहून जास्त उष्मांक गेले. २०१४ मध्ये ब्रेंडा मेजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असाच प्रयोग एक लेख वाचायला देऊन केला. जाड लोकांना नोकरीत कसं डावललं जातं, असा तो लेख. ज्या स्त्रिया स्वतःला जाड समजत होत्या त्यांनी लेखानंतर जास्त खाल्लं, आणि आपल्याला खाण्यावर ताबा ठेवता येईल हा त्यांचा विश्वासही कमी झाला. लेख त्यांच्याबद्दल नव्हताच. नुसता विषय निघाला तरी एवढं झालं.

त्याच वर्षी, २०१४ मध्ये, जॅनेट टोमियामा यांनी हे चक्र नीट मांडलं. हेटाळणी हा ताण आहे, ताणात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढतं, कॉर्टिसॉलने भूक आणि चरबीचा साठा वाढतो, वजन वाढतं, आणि वाढलेल्या वजनावर नवी हेटाळणी होते. आमच्या पेशंटबाईंना मी हे कागदावर गोल काढून दाखवलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे हे माझ्या एकटीच्या घरातलं नाही?" त्यांच्या आवाजात पहिल्यांदा थोडी चीड होती. मला ती फार बरी वाटली. तोपर्यंतची सगळी चीड त्यांनी स्वतःवर काढली होती.

कारण बाहेरच्यांचे शब्द एव्हाना त्यांचे स्वतःचे झाले होते. "ही सगळी माझीच चूक" हे त्या मला समजावून सांगायच्या, जणू मला माहीत नसावं. बोलणारे चार होते, पण घरात, आरशासमोर, रात्री दोन वाजता त्या चौघांचं काम त्या एकट्या करत होत्या. हेटाळणी अशी आत मुरली की बाहेरचे गप्प बसले तरी फरक पडत नाही. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या रिबेका पर्ल यांच्या २०१७ च्या अभ्यासात स्थूलता असलेल्या ज्या लोकांनी हे दूषण जास्त आत घेतलं होतं, त्यांच्यात रक्तदाब, साखर आणि चरबी एकत्र बिघडण्याचं प्रमाण जास्त दिसलं.

पट्टा तट्‌कन सुटतो तेव्हा

दुसऱ्या दवाखान्यातली हकिकत त्यांनी हसत सांगितली, पण हात दंडावर होता. रक्तदाब मोजायचा पट्टा गुंडाळला, हवा भरली, आणि अर्ध्यातच तो चर्र आवाज करून सुटला. पुन्हा लावला, पुन्हा सुटला. मग तिथल्या मदतनीसाने तो हाताने दाबून धरला. "दंडच मोठाय," कुणीतरी म्हणालं. बाहेर बाकावर माणसं बसली होती. आकडा आला तो बराच वर होता. दोन गोळ्या सुरू झाल्या. उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली, तेव्हा पुन्हा त्याच खोलीत जाऊन हे सांगण्यापेक्षा त्यांनी गोळ्याच बंद केल्या.

आखूड पट्ट्याने रक्तदाब खोटा वाढलेला दिसतो, हे आम्हाला पहिल्या वर्षांतच शिकवतात. किती वाढलेला? जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे मोजून प्रसिद्ध केलं: ज्यांना सर्वांत मोठ्या मापाचा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा लावला, तर वरचा आकडा सरासरी १९.५ मिलिमीटरने जास्त येतो. निरोगी माणसाला रुग्ण ठरवायला एवढा फरक पुरतो.

माझ्याकडे मोठा पट्टा नव्हता. हे लिहायला मला जड जातं, पण नव्हता. मागवला. त्याच हातावर पाच मिनिटांच्या अंतराने दोन्हींनी मोजलं: नेहमीच्या पट्ट्याने वरचा आकडा १५८, मोठ्याने १४०. म्हणजे दाब थोडा वाढलेला होताच, लक्ष द्यायला हवं होतं, पण त्यांना सांगितला गेला तसा नव्हता. आता यात गोळ्या बंद करणारी बाई "बेजबाबदार" कशी ठरते ते कुणी मला सांगावं. तिच्या मापाचं साधन दवाखान्याने ठेवलं नाही, चुकीचा आकडा काढला, त्यावर जास्तीचं औषध दिलं, आणि औषध सोसलं नाही ते सांगण्याचा रस्ता लाजेने बंद केला.

गर्भाशयमुखाची तपासणी त्यांनी सहा वर्षं टाळली होती. कारण विचारलं तर म्हणाल्या, तपासणीचा गाऊन मागे पुरत नाही. २००६ मध्ये ४९८ स्त्रियांना विचारून केलेल्या एका अमेरिकन पाहणीत बायकांनी हीच कारणं सांगितली होती: अपमानाची वागणूक, वजन करतानाची लाज, न मागता मिळणारा वजनाचा उपदेश, आणि लहान पडणारे गाऊन व टेबलं. वजन जितकं जास्त तितकी टाळाटाळ जास्त. या कारणांत आळस नव्हता.

दुसरं काही कारण असेल का

एका माणसाच्या गोष्टीवरून कार्यकारण सिद्ध होत नाही, म्हणून इतर शक्यता आम्ही तपासल्या. थायरॉइड ठीक होतं. नैराश्याच्या प्रश्नावलीत गुण सौम्य पातळीवरचे आले, आणि मनाचा उत्साह पोहणं सुटल्यानंतर गेला, आधी नाही, असं त्यांनी आणि नवऱ्याने वेगवेगळं सांगितलं. त्या काळात आईचं आजारपण होतं, कामाचा बोजा होता. तो खराच होता. पण आईचं आजारपण सर्वांत कठीण होतं ते वर्ष वहीत भरलेलं आहे, एकही आठवडा चुकलेला नाही. तेव्हा पोहणं हाच त्यांचा आधार होता.

मोठ्या पाहण्यांमध्येही हेच दिसतं, जरी तिथेही संबंध दिसतो, सरळ पुरावा नव्हे. अँजेलिना सुटिन आणि अँटोनियो टेरासियानो यांनी अमेरिकेतल्या ६,१५७ प्रौढांची २००६ आणि २०१० मधली माहिती ताडून पाहिली. सुरुवातीला स्थूल नसलेल्या ज्या लोकांना वजनावरून भेदभाव सोसावा लागला होता, ते चार वर्षांनी स्थूल होण्याची शक्यता, तसा भेदभाव न सोसलेल्यांच्या तुलनेत, सुमारे अडीच पट होती. बोलून बोलून सुधारेल म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

आपल्या बोलण्यातही एक घोटाळा रुजलेला आहे, तो मला या प्रकरणात पदोपदी जाणवला. "तब्येत सुधारली वाटतं" म्हणजे जाड झालीस. "तब्येतीकडे बघ जरा" म्हणजे बारीक हो. तब्येत हा शब्दच आपण अंगकाठीला देऊन टाकला आहे. त्यामुळे ज्या बाई एक किलोमीटर पोहत होत्या त्यांना सगळे तब्येतीकडे बघायला सांगत होते, आणि पोहणं सोडून रात्री उभ्याने खायला लागल्या तेव्हाही तेच सांगत होते. मधल्या काळात तब्येतीचं खरंच काय झालं याची चौकशी कुणी केली नाही. मीही नाही.

मग वजनाबद्दल बोलायचंच नाही का

हा प्रश्न माझ्या सहकाऱ्यांनी मला विचारला आणि तो रास्त आहे. वजनाचा साखरेशी, सांध्यांशी, झोपेतल्या श्वासाशी संबंध आहे आणि तो लपवणं म्हणजे पेशंटला फसवणं. बोलायचं. पण परवानगी घेऊन, ज्या तक्रारीसाठी माणूस आला ती आधी तपासून, आणि त्याला आधीपासून काय माहीत आहे व तो काय करतो आहे हे ऐकून. बोटाच्या जखमेखाली ते वाक्य लिहायचं नाही.

आणि वजन ही केवळ इच्छाशक्तीची गोष्ट नाही हे आता डॉक्टरांनी तरी नक्की म्हणायला हवं. १९९० मध्येच अल्बर्ट स्टंकार्ड यांनी वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांवरून दाखवलं होतं की शरीराच्या ठेवणीत आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असतो. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लेप्टिन हे चरबीतून निघणारं संप्रेरक सापडलं आणि चरबी स्वतः मेंदूला निरोप पाठवते हे कळलं. वजन उतरलं की शरीर भूक वाढवून आणि खर्च कमी करून ते परत मिळवू पाहतं. २०२० मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने संयुक्त निवेदन काढून वजनावरून होणारी हेटाळणी थांबवण्याचं आवाहन केलं, त्याचा गाभा हाच होता. "मनावर घेतलं की जमतं" हे वाक्य त्यामुळे नुसतं कठोर नाही, ते वैद्यकीय दृष्ट्या चुकीचं आहे.

आम्ही काय बदललं, त्यांनी काय केलं

दवाखान्यातले बदल एका दुपारचे होते. वजनाचा काटा प्रतीक्षेच्या जागेतून उचलून आतल्या खोलीत, पडद्यामागे ठेवला. आकडा मोठ्याने वाचायचा नाही. "आज वजन केलं तर चालेल का?" असं विचारायचं आणि नाही म्हटलं तर पुढे जायचं. बिनहातांच्या चार खुर्च्या, दोन मापांचे पट्टे, मोठे गाऊन. नोंदीच्या कागदावर "सध्या काय करता?" असा रकाना सल्ल्याच्या रकान्याच्या वर घातला.

त्यांचं काम यापेक्षा खूप कठीण होतं. खाण्याच्या आजारासाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथे सगळ्यात आधी दुपारचं जेवण परत आणलं गेलं, पोटभर, वेळेवर. घरच्यांना हे विचित्र वाटलं, "आधीच एवढी, त्यात जेवायला काय सांगता?" पण दिवसाचा उपास सुटला तसा रात्रीचा जोर ओसरायला लागला. पाच महिन्यांत तो आठवड्याला तीनवरून महिन्याला एकावर आला. मोठ्या गाऊनमध्ये तपासणी झाली, अहवाल चांगला आला. एका आठवड्याच्या घरच्या नोंदी पाहून रक्तदाबाची एक छोटी गोळी सुरू केली, ती त्या न चुकता घेतात. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ६.३ होती, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. वर्षभराने ५.९ आली.

वजन किती उतरलं, असं हे ऐकणारा प्रत्येक जण विचारतो. त्यांच्या नवऱ्यानेही विचारलं. सुरुवातीचे आठ महिने आम्ही मोजलंच नाही. नवव्या महिन्यात त्यांनीच विषय काढला, वजनाच्या नव्या औषधांबद्दल विचारलं, आणि लगेच म्हणाल्या, "पण ते म्हणजे सोपी पळवाट ना?" रक्तदाबाची गोळी घेताना त्यांना पळवाट वाटली नव्हती. आम्ही त्यावर दोन भेटी बोललो. निर्णय त्यांचा आहे आणि अजून झालेला नाही.

पोहणं सगळ्यात शेवटी परतलं. कपडे बदलायच्या खोलीपासून पाण्यापर्यंत वीसेक पावलं आहेत, ती त्यांना जमत नव्हती. तलाव मात्र तोच हवा होता. पहिल्या दिवशी त्या नुसत्या बाकावर बसून आल्या. दुसऱ्या खेपेला पायऱ्यांपर्यंत. चौथ्या खेपेला बहीण सोबत गेली आणि सहा फेऱ्या झाल्या. दम लागला, खांदे भरून आले, रडूही आलं. ते प्रशिक्षक आता तिथे नाहीत. त्यांच्या जागी आलेल्या मुलीने एवढंच विचारलं, "कुठली लेन हवी?"

चौदा महिन्यांनी मी ही नोंद लिहिते आहे. आठवड्यातून दोनदा जातात, चोवीस ते अठ्ठावीस फेऱ्या होतात. गुडघा पाण्यात दुखत नाही. परवा वही दाखवायला आणली होती. कोरी राहिलेली पानं तशीच ठेवून त्यांनी पुढून सुरुवात केली आहे आणि तिथे चौथा रकाना आखला आहे. त्यात टॉवेलची जागा लिहितात. आधी तो पायरीवर ठेवून, अंगावरून काढता काढता त्या पाण्यात उतरायच्या. मग कठड्यावर, चार पावलांवर. मग बाकावर, दहा पावलांवर. गेल्या आठवड्यात तलावावर गर्दी होती, कुणीतरी बघून हसल्यासारखं वाटलं, आणि टॉवेल पुन्हा पायरीवर आला. तेही लिहिलं आहे. त्याच्या शेजारच्या रकान्यात फेऱ्या: सव्वीस.